घासलेली बारव

"शेवाळ काढा म्हनं, शेवाळ! शेवाळ निघालं, आन् त्याच्यासंगं माझा खांदा बी निघाला. आता ह्याला कोन बसवून देतंय, ग्रामपंचायत का उत्तमराव?"

भिंतीपलीकडं मदीनाबी एकटीच कुरकुरत होती. खोबरेल तेलाचा वास भिंतीवरून अलीकडं येत होता. मनकर्णा नुकतीच गोरेगावच्या जीपमधून उतरून घरात आली होती. भावजयीचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवस माहेरी राहून, तिथली भांडी, लेकरं, दवाखान्याचे डबे सगळं उरकून आली होती. पायातली चप्पलसुद्धा अजून काढली नव्हती. 'शेवाळ' कानावर पडलं आणि पिशवीचा बंद तिच्या हातातच राहिला.

"मदीनाबी, कोनतं शेवाळ गं?"

भिंत छातीएवढीच. पलीकडून मदीनाबीचं डोकं वर आलं, तेलानं चकाकणाऱ्या खांद्यासकट.

"आली का तू? बरं झालं. तुझ्या नवऱ्यानं आख्ख्या गावाला कामाला लावलं बघ. विजूभाऊकडं पुण्याहून मोठी मानसं येऊन राहिली ना उद्या, बारव बघायला? मंग उत्तमराव म्हनले, अशी घाण बारव दाखवायची का पाहुण्यायला? गनपतीच्या मंडळाची पोरं घेतली, आमा बायांना घेतलं. तारंचे ब्रश, खराटे, ब्लिचिंग पावडर. अगं, निजामाच्या काळापासून कुनी घासली नसंल अशी घासली. आता त्या पायरीवर वरण-भात वाढून घे, ताटाची गरज न्हाई."

"आन् उत्तरंकडची भिंत?"

"तिनंच तर लई तकलीफ दिली. समदं हिरवं तिथंच तर बसलं होतं. माझा खांदा तिथंच गेला."

मनकर्णा चप्पल घालूनच उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बसू नये, चप्पल घालून तर मुळीच नाही, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि तिनं ते आजवर पाळलंही होतं. उद्या येणारी माणसं बारव बघायला येत नव्हती. ती शेवाळ बघायला येत होती.

विजयकुमार तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन साखऱ्यात आली तेव्हा हा पोरगा चौथीत होता आणि नव्या वहिनीला पहिली भेट म्हणून त्यानं काडेपेटीतून एक हिरवा किडा आणून दिला होता. पुढं तो शिकला, झाडापानांच्या शास्त्रात एम.एस्सी. झाला, पीएच.डी. झाला आणि हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागला. गाव त्याला प्रोफेसर म्हणतं. तो तासावर शिकवतो, जेवढे तास तेवढा पगार, सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच बहुधा प्रोफेसर जरा जास्त जोरात म्हणतात.

कायमची जागा दर वर्षी निघणार असते. कधी निघत नाही, कधी निघते आणि कुणाच्या तरी भाच्याला मिळते. विजयकुमारचे केस पांढरे झाले, मग काही वर्षं काळे झाले, मग त्यानं रंगवायचं सोडलं. उत्तमराव दर जूनमध्ये म्हणतो, "यंदा होतंय बघ." मनकर्णा दर भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढं हात जोडून 'यंदा' एवढंच म्हणते, बाकीचं त्यांना आता पाठ असावं. विजयकुमारच्या बायकोनं हिंगोलीत ब्लाउज शिवायला घेतले आणि विचारणं बंद केलं. घरात या विषयाभोवती सगळे असे चालतात, जसं झोपलेल्या तान्ह्या लेकराभोवती चालावं.

आणि मग दोन पावसाळ्यांमागं त्याला बारवेत ते शेवाळ सापडलं.

शेवाळ म्हणजे घसरायचं कारण, एवढंच गावाला माहीत. पण हे निराळं होतं. उत्तरेच्या भिंतीत, जिथं बारा महिने दगडातून पाणी झिरपतं, तिथं मखमलीच्या उशीसारखं ते बसलं होतं. विजयकुमारनं वहिनीला खाली नेऊन, गुडघ्यावर बसवून, भिंगातून दाखवलं होतं. बारीक बारीक पानांची रोपं, आणि काहींच्या टोकाला केसासारखी तांबूस दांडी, दांडीवर इवलीशी बोंडी, बोंडीवर टोपी. मनकर्णा म्हणाली होती, "अगं बया, टोपडं घातलंय की ह्यांनी." तेव्हापासून घरात त्या बोंड्यांना टोपडीच म्हणायचे.

पुण्याच्या शेवाळतज्ज्ञ मॅडमनी फोटो बघून कळवलं होतं की हे धोक्यात आलेल्या जातीतलं असावं, या भागात आजवर कुणी नोंदवलेलं नाही. पण नाव ठरवायचं तर पिकलेली बोंडी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागेल. टोपडी थोडीच होती. विजयकुमारनं एकही तोडलं नाही. म्हणाला, "पिकू द्या. सांडायचं ते सांडू द्या. मग मॅडमच येऊन आपल्या हातानं घेतील." मॅडम यायला पुढचा पावसाळा उजाडला. शेवाळाला नाव मिळालं की शोधात विजयकुमारचं नाव लागणार होतं. आणि दिवाळीनंतर कॉलेजात मुलाखती होत्या. "वैनी, एवढं हातात असलं तर मला नाही म्हणायला त्यांना कारण लागंल," तो म्हणाला होता. कारण त्यांना आजवर कधी लागलं नव्हतं, हे मनकर्णाच्या ओठावर आलं होतं. तिनं चहा विचारला होता.

अंगणातून उत्तमरावाचा आवाज आला. "आली का? बारव बघितली का?"

तो आत आला. टोपी मागं सरकवलेली, हाताची कातडी ब्लिचिंगनं पांढरी पडून सोललेली, आणि चेहरा असा फुललेला की लग्नात तरी इतका फुलला होता का, याची मनकर्णाला शंका आली.

"पायऱ्यायच्या कडंला चुना मारला. वर गेरू. मॅडम म्हनतील, प्रोफेसरचं गाव असं असतंय."

"भावजीला विचारलं होतं का?"

"काहून विचारायचं? सांगितलं असतं तर म्हनला असता, दादा, कशाला तकलीफ. त्याच्या स्वभावानंच तर त्यो मागं राहिला."

"आवो, पन ते शेवाळाचा अभ्यास करून राहिले ना?"

"व्हय. मंग? दाताचा डॉक्टर किडीचा अभ्यास करतोय. म्हनून काय दातात कीड पाळतोय? शेवाळ कसं घालवायचं त्याचा शोध असंल. उद्या मॅडमनी विचारलं तर म्हनता येईल, बघा, आमी गड्यायनी आधीच घालवलं!"

तो हसला. मनकर्णानं त्याच्या सोललेल्या हाताकडं बघितलं. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण गेली कित्येक वर्षं या माणसाला भावासाठी काही करता आलं नव्हतं. ना ओळख, ना वशिला, ना कुणा पुढाऱ्याच्या दारात उभं राहायची ऐपत. खराटा तेवढा हातात होता आणि तो त्यानं जीव तोडून चालवला होता. तिनं त्याला खोबरेल आणून दिलं.

मग ती परसात गेली. तिथं लिंबाखाली एक वीट होती. विजयकुमारनं मागच्या वर्षी शेवाळाचा रुपयाएवढा तुकडा त्या विटेवर लावून तिच्या हवाली केला होता. बोअरच्या पाण्यात क्षार असतो म्हणून ती त्याला पागोळीचं साठवलेलं पाणी द्यायची. माहेरी जाताना तिनं उत्तमरावाला विटेवर पाणी शिंपडायला बजावलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं, आणि त्यानं 'व्हय व्हय' केलं होतं. कडक उघाड पडली होती. पण वीट कोरडी नव्हती. पोरांनी ब्लिचिंगच्या बादल्या आणि ब्रश इथंच नळाखाली विसळले होते. विटेवर पांढरट थर वाळला होता आणि शेवाळ पिवळं-राखाडी, जुन्या गोणपाटाच्या धाग्यासारखं झालं होतं.

तिनं डेऱ्यातलं पावसाचं पाणी ओंजळीनं घातलं. एरवी हे शेवाळ वाळून कोळसा झालं तरी पाणी पडल्यावर बघता बघता पानं उलगडायचं. तिला तो खेळ फार आवडायचा. आज ते फक्त ओलं झालं.

"झोपलं असंल," भिंतीवरून मदीनाबी म्हणाली. तिला आता सगळं कळलं होतं. मनकर्णानंच चार वाक्यांत सांगितलं होतं आणि मदीनाबीनं आपला दुखरा खांदा पदराखाली झाकून घेतला होता, जसा काही तोच गुन्हेगार आहे.

"व्हय," मनकर्णा म्हणाली. "झोपलं असंल."

दिवस कलता कलता गावातल्या रिझवानच्या जीपमधून विजयकुमार उतरला. उत्तमराव त्याला हातपायसुद्धा धुऊ न देता बारवेवर घेऊन गेला. मनकर्णा मागोमाग गेली. मंडळाची पोरं काठावर उभी होती. बारव खरंच देखणी दिसत होती. काळा दगड धुऊन निळसर झाला होता, पायऱ्यांच्या कडा चुन्यानं आखल्या होत्या, आणि गेरूवर कुणीतरी 'स्वागतम्' लिहिलं होतं.

विजयकुमार पहिल्या पायरीवर थांबला. त्यानं उत्तरेच्या भिंतीकडं बघितलं. मग हळूहळू खाली उतरला, पाण्याला वळसा घालून त्या भिंतीपाशी गेला आणि दगडावर तळहात ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"काय विजू?" उत्तमराव वरून ओरडला. "कशी झाली?"

काठावरची सगळी पोरं हसरी, वाट बघत.

"लई छान झाली, दादा," विजयकुमार म्हणाला. "लई मेहनत घेतली."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो तिथंच आणखी थोडा वेळ उभा राहिला, बोटानं दगडातल्या भेगा चाचपत. वर आला तेव्हा त्याच्या हाताला ब्लिचिंगचा वास होता आणि तो प्रत्येक पोराला नाव घेऊन शाबासकी देत होता.

घरी आल्यावर तो तडक परसात गेला. मनकर्णानं वीट पुढं केली. त्यानं खिशातून भिंग काढलं, बराच वेळ बघितलं, भिंग पुसलं, परत बघितलं.

"झोपलंय," तो म्हणाला.

"मी बी तेच म्हनले," मदीनाबी भिंतीवरून म्हणाली.

"पाणी घालत राहू, वैनी. याला सुकलेलं आणि मेलेलं दिसायला सारखंच. पाण्याशिवाय कळत नाही."

"आन् पाणी घालून बी कळलं न्हाई तर?"

"तर आणखी घालायचं."

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. भाकरी थापायची होती, पण बसली. विटेकडं बघतच तो बोलायला लागला. बोलायला लागला की तो वर्गात असल्यासारखा बोलतो. वर्गातली पोरं ऐकत नसतील तसं मनकर्णा ऐकते.

"मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलंय, दोन्ही दाखवा, आणि दोघांत आधी कोण, ते तुम्हीच सांगा. जपणुकीचा निधी एका जागेपुरताच आहे. कब्रस्तानातला तो खर्पुडीचा वेल, नाहीतर हे शेवाळ. म्हणजे बघा वैनी, धोक्यात दोघंही. पण खर्पुडीला फूल आहे. कंदिलासारखं, बारीक कमरेचं. माणूस थांबतो, फोटो काढतो. चिलटं आत शिरतात, आत उलट्या लवांचं दार असतं, एक रात्र अडकतात, लव सुकली की पराग घेऊन सुटतात. गोष्ट सांगायला किती छान! आणि खाली कंद. उन्हाळ्यात वरचं सगळं मरतं, लोक म्हणतात गेली. ती गेलेली नसते. मातीत बोट घालून कंद दाबून बघता येतो."

"आन् हे?"

"ह्याला फूल नाही, बी नाही, मूळ म्हणावं असं मूळ नाही. जे आहे ते उघड्यावर. नर रोप वेगळं, मादी वेगळं, आणि दोघांची गाठ पडायची तर मधी पाण्याचा पातळ पापुद्रा पाहिजे. पाणी आटलं की संसार थांबला. तरी हे वर्षानुवर्षं एका भिंतीला धरून बसतं. कुणी विचारत नाही. विचारलं तर म्हणतात, पाय घसरतो."

त्याचा आवाज जरासा हसला. मनकर्णाला वाटलं, आता हा स्वतःबद्दल बोलतोय हे ह्याला कळतंय का? आणि कळत नसेल तर बरंच, कळत असेल तर कसं सोसतो? ती उठली. "पीठ मळून ठेवलंय," म्हणाली, आणि गेली.

सकाळी पुण्याची गाडी आली. मॅडम साठीच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. सोबत एक शिकणारी मुलगी, गळ्यात कॅमेरा. उत्तमरावानं शाल-नारळ दिला. मॅडमनी शाल घेतली, नारळ मुलीकडं दिला आणि लगेच "आधी खर्पुडी बघू" म्हणाल्या.

कब्रस्तान गावाच्या कडेला. मदीनाबीचा नवरा फकीर तिथली देखभाल करतो. तरवडाच्या आणि निवडुंगाच्या जाळीत, जुन्या कबरींच्या मधल्या जागेत, खर्पुडीचे वेल उभे होते आणि त्यांना ती लांबट, हिरवट-जांभळी फुलं लागली होती. मुलगी तर बघताक्षणी जमिनीवर आडवीच झाली.

"इथं कशी टिकली?" मॅडमनी विचारलं.

"इथं नांगर न्हाई, मॅडम. शेरडं येऊ देत न्हाई मी," फकीर म्हणाला. "आन् इथली मानसं काई उपटत न्हाईत."

मॅडम हसल्या. "पोरं कंद खात नाहीत का?"

"आमी खायचो. खोबऱ्यावानी लागायचा. आताची पोरं पुड्यातलं कुरकुरीत खातात. खर्पुडी वाचली ती त्या पुड्यायमुळं."

मॅडमनी विजयकुमारला बरंच विचारलं, किती वेल, किती फुलं, शेंगा धरतात का. त्याला सगळं तोंडपाठ होतं. मनकर्णा लांब निवडुंगापाशी उभी राहून बघत होती. तो बोलत होता तेव्हा ती बाई मान हलवत होती, आणि एकदा तर स्वतःच्या वहीत त्याचं वाक्य उतरून घेतलं. कॉलेजातल्या त्या लोकांनी इथं निवडुंगामागं उभं राहून हे बघायला पाहिजे होतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, बघून काय होणार होतं? त्यांना काही कमी दिसत नव्हतं.

"चला," मॅडम म्हणाल्या, "आता तुमचं खरं रत्न."

बारवेच्या वाटेवर विजयकुमार मागं मागं पडत गेला. उत्तमराव पुढं. काठावर पोचल्यावर तो बाजूला झाला आणि हात पसरून म्हणाला, "या!"

मॅडम खाली बघत राहिल्या. चुन्याच्या रेघा, गेरू, लखलखीत दगड. त्यांनी एकदा विजयकुमारकडं बघितलं. तो चुन्याच्या रेघेकडं बघत होता. बाईचं वय आणि गुडघे बघता त्यांनी असं काही आधीही बघितलं असावं, कारण त्यांनी एक शब्द काढला नाही.

मुलगी मात्र लहान होती. तिनं फोनमधला आधीचा फोटो उघडून उत्तमरावापुढं धरला. "काका, ही जागा नेमकी कुठली? हे हिरवं आहे ना, हे बघायला आलोय आम्ही."

उत्तमरावानं फोन हातात घेतला. फोटोत मखमलीची उशी होती, त्यावर तांबूस दांड्या, दांड्यांवर टोपडी, आणि बाजूला दगडात बसवलेली लोखंडी कडी. त्यानं फोटो बघितला. मग खाली भिंतीतली कडी बघितली. परत फोटो.

"हीच," तो म्हणाला. "तीच भिंत ही."

त्यानं फोन परत दिला. टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. त्यानंतर पाहुणे जाईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. ज्या माणसाला बाजारात गप्प बसवायला तीन माणसं लागतात, तो.

मॅडम पहिल्याच पायरीवर बसल्या, गुडघा चोळत. "सर," त्या हळू म्हणाल्या, "मला अहवालात एकच जागा लिहायचीय. तुम्ही सांगा."

विजयकुमारला हवं असतं तर बोलता आलं असतं. गोष्ट तशी सोपी होती. भिंत आहे, झिरपा आहे, दोन-तीन पावसाळे हात लावू नका, कदाचित कुठल्या भेगेतून परत उगवेल. जागेचं नाव लागलं असतं, त्याचं नाव लागलं असतं. मनकर्णा त्याच्या तोंडाकडं बघत होती. म्हणा, भावजी. म्हणून टाका एकदा. आयुष्यात एकदा तरी थोडं वाकडं बोलून बघा.

"खर्पुडी," विजयकुमार म्हणाला. "तिला कुंपण घातलं तर ती राहील, मॅडम. ह्या भिंतीवर पैसा घालायला सांगणं बराबर होणार नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. फारच थोडं.

घरी चहा झाला. मॅडमनी वीटही बघितली. परसात जमिनीवर बसून, भिंगातून, पार डोळा चिकटवून बघितली. त्यांनी सुईनं एक रोप अलगद उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"पाणी देत राहा," त्या म्हणाल्या. "यांचं काही सांगता येत नाही."

चार दिवस मनकर्णा दवाखान्याच्या पडवीत बसून आली होती. डॉक्टर नातेवाइकांना 'बघू या' म्हणतात तो आवाज तिला चांगला ओळखू येत होता. "व्हय, देते की," ती म्हणाली. "पागोळीचं देते."

गाडी गेली. धुरळा बसला. मदीनाबीनं भिंतीवरून कढीचं पातेलं दिलं. मनकर्णानं दोघा भावांना ताटं वाढली आणि स्वतः चुलीपाशी बसली. तिला इतकं थकल्यासारखं झालं होतं की तव्यावरची भाकरी उलटायला हात उचलवत नव्हता. हा थकवा गोरेगावचा नव्हता. कालचाही नव्हता. वर्षानुवर्षं एक वाक्य तोंडात धरून बसायचं, ते गिळायचंही नाही आणि थुंकायचंही नाही, याचा तो थकवा होता.

उत्तमराव भाकरीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

"दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," विजयकुमार म्हणाला. "तुम्हाला नीट सांगितलं नाही ही माझी चूक. आणि काही गेलं नाही. खर्पुडीच्या कामात मॅडम माझं नाव घालणार आहेत. थोडं खाली, पण घालणार. विटेवरचं उठलं तर उठलं. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात मी पूर्णेकाठच्या बारवा बघतो, दगड तसलाच आहे. मुलाखत दिवाळीनंतर आहे. यंदा नाही झालं तर..."

"जेवा, भावजी," मनकर्णा म्हणाली.

"नाही, ऐका ना. प्राचार्यसुद्धा परवा म्हणाले, पुढच्या वर्षी आणखी दोन जागा निघतील, तुमचा विचार होईल. म्हणजे यंदा नाहीतर पुढच्या वर्षी..."

मनकर्णाला कळलं की आता तिलाच बोलावं लागणार. दुसरं कोण बोलणार? तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली. हाताचं पीठ झाडलं. तिनं तोंड उघडलं.

"विजू," उत्तमराव म्हणाला.

आवाज इतका खाली होता की दोघंही त्याच्याकडं वळले. त्यानं ताट बाजूला सारलं.

"तुला ते घेनार न्हाईत."

"कोण, दादा?"

"कॉलेजवाले. यंदा बी न्हाई आन् पुढच्या साली बी न्हाई. शेवाळ जित्तं असतं, त्याला टोपडी असती, मॅडमनी सोन्याच्या अक्षरात तुझं नाव लिहिलं असतं, तरी घेनार न्हाईत. त्यांना घ्यायचंच न्हाई रं, लेकरा. मला ठाऊक हाय. ह्या तुझ्या वैनीला ठाऊक हाय. आन् तुला तर आमच्या आधीपासून ठाऊक हाय."